बांधलेले घर विकत घेताना : आदिलाबादच्या ग्राहकाने काय तपासावे?

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. स्वतः घर बांधणाऱ्याला खर्चाचा आणि मनस्तापाचा अनुभव येतो; पण पाया किती खोल गेला, लोखंड किती पडले, विटा कशा आल्या, हे तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. बिल्डरकडून तयार घर घेणाऱ्याच्या वाट्याला मात्र रंगवलेल्या भिंती आणि गुळगुळीत फरशी एवढेच येते. पाया जमिनीखाली गाडला गेलेला असतो आणि जमिनीचा इतिहास सरकारी दप्तरात. या दोन न दिसणाऱ्या गोष्टींवरच घराचे भवितव्य अवलंबून असते.

आदिलाबादसारख्या जिल्ह्यात ही गोष्ट अधिकच महत्त्वाची ठरते. येथे घरासाठी लागणारी रक्कम बहुधा आयुष्यात एकदाच जमते : कपाशीच्या काही चांगल्या हंगामांची शिल्लक, निवृत्तीनंतर मिळालेला निधी, मोडलेले सोने आणि वर बँकेचे कर्ज. शिवाय नांदेड, यवतमाळ किंवा चंद्रपूरकडील नातेवाईक जो सल्ला देतात, तो येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. तेथे सातबारा मागतात, येथे पहाणी आणि पट्टादार पासबुक पाहावे लागते. तेथे ‘एनए’ म्हणतात, येथे ‘नाला’ कायद्याखालील बिगरशेती परवानगी लागते. तेथे भूखंड चौरस मीटर किंवा चौरस फुटांत सांगतात, येथे गजात. एक चौरस गज म्हणजे ९ चौरस फूट आणि एक गुंठा म्हणजे १२१ चौरस गज, हे हिशेब आधीच पक्के केलेले बरे.

कायद्याचे छत्र कोठपर्यंत?

घर खरेदीदाराच्या रक्षणासाठी संसदेने २०१६ मध्ये स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम केला. तो ‘रेरा’ या नावाने ओळखला जातो आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला. तेलंगणाने त्याखालील नियम २०१७ मध्येच केले. नोंदणीकृत प्रकल्पात बिल्डरला ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते. ती त्याच प्रकल्पाची जमीन आणि बांधकाम यांवर खर्च करता येते. नोंदणीकृत विक्री करारनामा केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम त्याला घेता येत नाही. ताबा देण्यास उशीर झाला तर ग्राहक व्याजासह पैसे परत मागू शकतो, किंवा घर हवेच असल्यास विलंबाच्या प्रत्येक महिन्याचे व्याज मागू शकतो.

परंतु या छत्राला एक मर्यादा आहे. भूखंडाचे क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल किंवा सर्व टप्पे मिळून सदनिका आठपेक्षा अधिक नसतील, तर त्या प्रकल्पाची नोंदणी बंधनकारक नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे सुमारे ५९८ चौरस गज. ४०० गजांच्या भूखंडावर प्रत्येक मजल्यावर दोन याप्रमाणे चार मजल्यांत आठ सदनिका उभ्या राहिल्या, तर तो प्रकल्प नोंदणीच्या बाहेर राहतो. जिल्ह्याच्या ठिकाणी लहान बिल्डर बांधतात ती घरे पुष्कळदा याच मापाची असतात : एखादी छोटी इमारत, दोन-चार जोडघरे किंवा एका ओळीतली स्वतंत्र घरे.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा : प्रकल्पाला तेलंगणा रेराचा नोंदणी क्रमांक आहे काय? असेल तर तो प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर टाकून मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाची तारीख पाहावी. नसेल, तर तो कोणत्या कारणाने नाही, ते मोजून पाहावे. मोठ्या भूखंडाचे लहान तुकडे दाखवून नोंदणी चुकवलेली असेल, तर तोच सावधानतेचा इशारा समजावा. आणि प्रकल्प खरोखरच लहान असेल, तर रेरा जी तपासणी आणि जी बंधने आपोआप देतो, ती ग्राहकाला स्वतः करून घ्यावी लागतात. त्या तपासणीचा क्रम असा : आधी जमीन, मग परवानगी, मग बांधकाम आणि शेवटी करार.

जमीन : आधी गाव, मग गट

आदिलाबादमध्ये जमिनीविषयीचा पहिला प्रश्न मालकाचा नसून गावाचा आहे. जिल्ह्याचा मोठा भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्र आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात जुन्या उटनूर तालुक्याचा सर्व भाग आणि इतर तालुक्यांतील गावे नावानिशी दिलेली आहेत. १९५६ मध्ये तत्कालीन मुंबई राज्याकडे गेलेल्या आणि आता महाराष्ट्रात असलेल्या किनवट आणि राजुरा तालुक्यांतील गावेही त्याच यादीत होती. यादी गावांची असल्याने शेजारची दोन गावे एक आत आणि एक बाहेर, अशीही असू शकतात.

या क्षेत्रात आंध्र प्रदेश अनुसूचित क्षेत्र जमीन हस्तांतरण विनियम, १९५९ लागू आहे. तो १९६३ मध्ये तेलंगणा भागात आला आणि १९७० च्या दुरुस्तीने कडक झाला; म्हणूनच लोक त्याला ‘वन ऑफ सेव्हंटी’ म्हणतात. त्यानुसार अनुसूचित क्षेत्रातील स्थावर मालमत्ता बिगर-आदिवासी व्यक्तीच्या नावे करणे हे मुळातच निरर्थक, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने घडलेच नाही असे, मानले जाते. विकणारा स्वतः बिगर-आदिवासी असला तरी त्याने फरक पडत नाही. शिवाय अशा क्षेत्रात बिगर-आदिवासीच्या ताब्यात असलेली मालमत्ता, उलट सिद्ध होईपर्यंत, आदिवासीकडून आलेली आहे असे कायदा गृहीत धरतो. जिल्हाधिकारी शासनाचे एजंट या नात्याने ताबा काढून घेण्याचा आदेश देऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये हा विनियम वैध ठरवला आहे.

ही तरतूद म्हणजे कागदोपत्री अडचण नव्हे. गोंड, कोलाम आणि अन्य समाजांच्या जमिनी परक्या हाती जाऊ नयेत यासाठी ती केलेली आहे, आणि जमिनीच्या प्रश्नाचे मोल या जिल्ह्याने २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीच्या गोळीबारात मोजलेले आहे. तेव्हा ‘सगळे असेच घेतात’, ‘घरपट्टी लागू आहे’, ‘वीज जोडणी आहे’ या उत्तरांवर अनुसूचित गावातील घर घेऊ नये. घरपट्टीची पावती मालकी सिद्ध करत नाही आणि निरर्थक व्यवहाराला वैधही करत नाही. गाव यादीत आहे की नाही, याची खातरजमा तहसील कार्यालयात लेखी स्वरूपात करून घ्यावी.

गाव निर्वेध असेल तर मग गट किंवा सर्व्हे क्रमांकाकडे वळावे. दुय्यम निबंधक कार्यालयातून भार प्रमाणपत्र, ज्याला येथे सर्रास ‘ईसी’ म्हणतात, ते काढावे. त्यात त्या मालमत्तेवरील नोंदलेली विक्री, बक्षीसपत्र, वाटणी आणि गहाणखत दिसते. किमान ३० वर्षांची साखळी पाहणे हा वकिलांचा सर्वसाधारण प्रघात आहे. नोंदणी कायद्याच्या कलम २२-ए खालील प्रतिबंधित मालमत्तांच्या यादीत तो सर्व्हे क्रमांक नाही ना, हेही पाहावे. शासकीय, वक्फ, देवस्थान आणि वाटप झालेल्या जमिनी या यादीत असतात. ‘साध्या बैनाम्या’वर, म्हणजे नोंदणी न झालेल्या पांढऱ्या कागदावर, किंवा केवळ मुखत्यारपत्रावर जमीन बिल्डरकडे आलेली असेल तर थांबावे. मुखत्यारपत्र आणि करार यांच्या आधारे मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

भूखंड मंजूर लेआउटमधील आहे काय, हा पुढचा प्रश्न. शहरालगतच्या शेतात रस्ते आखून पाडलेले भूखंड दिसायला लेआउटसारखेच असतात. पण नगर व ग्राम नियोजन विभागाची मंजुरी वेगळी आणि ग्रामपंचायतीचा शिक्का वेगळा. अनधिकृत भूखंड नियमित करण्यासाठी राज्याने २०२० मध्ये एलआरएस योजना आणली. बिल्डर ‘एलआरएस भरले आहे’ असे म्हणाला, तर अर्जाची पावती नव्हे, नियमितीकरणाचा अंतिम आदेश मागावा.

तलाव आणि ओढ्यांजवळच्या जागेबाबत राज्याच्या २०१२ च्या इमारत नियमांतील अंतरे लक्षात ठेवावीत. १० हेक्टर किंवा त्याहून मोठ्या तलावाच्या पूर्ण जलपातळीच्या रेषेपासून ३० मीटर आणि लहान तलावापासून ९ मीटर पट्टा मोकळा सोडावा लागतो. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी जागा ही तलावाची जागा नसतेच असे नाही. पाटबंधारे विभागाच्या नकाशातील रेषा पाहावी.

परवानगी : मिळाली म्हणजे तपासली, असे नाही

तेलंगणात २०२० च्या टीएस-बीपास कायद्याने बांधकाम परवानगी ऑनलाइन झाली. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर १० मीटर उंचीपर्यंतच्या निवासी इमारतीला स्वयंप्रमाणपत्रावर तत्काळ परवानगी मिळते. ही सोय नागरिकांसाठी चांगली आहे. पण तिचा अर्थ नीट समजून घ्यावा. येथे अर्जदार स्वतःच सांगतो की जागा माझी आहे आणि नकाशा नियमानुसार आहे. ते खोटे निघाले तर परवानगी रद्द होऊ शकते आणि बांधकामही पाडले जाऊ शकते. म्हणून परवानगीचा कागद हा मालकीचा पुरावा मानू नये.

मंजूर नकाशा हाती घेऊन प्रत्यक्ष इमारत मोजावी. मजले तेवढेच आहेत काय, चारही बाजूंचे मोकळे अंतर सोडले आहे काय, पार्किंगच्या जागेत दुकान किंवा खोली तर काढलेली नाही ना, हे सामान्य माणसालाही टेपने पाहता येते.

तेलंगणाच्या नियमांत आणखी एक तरतूद आहे, जी ग्राहकांना क्वचितच सांगितली जाते. लहान वैयक्तिक घरे वगळता, नकाशाप्रमाणेच बांधकाम होईल याची हमी म्हणून बिल्डरला एकूण बांधकामाचा १० टक्के भाग मंजुरी देणाऱ्या संस्थेकडे तारण ठेवावा लागतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर तो सुटतो. आपण घेत असलेली सदनिका त्याच तारणातील तर नाही ना, हे नगरपालिकेत विचारावे.

भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला ‘ओसी’ म्हणतात, ते इमारत नकाशाप्रमाणे पूर्ण झाल्याचा आणि राहण्यास योग्य असल्याचा दाखला होय. ‘राहायला या, ओसी नंतर येईल’ हे वाक्य अनेक ग्राहकांना महागात पडले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सांगितले की ताबा या प्रमाणपत्रानंतरच द्यावा, वीज, पाणी व मलनिःसारणाच्या जोडण्या ते पाहूनच द्याव्यात आणि बँकांनीही ते पडताळूनच इमारतीवर कर्ज द्यावे. आज प्रमाणपत्राविना घेतलेले घर उद्या विकताना पुढच्या ग्राहकाला कर्ज मिळणे कठीण जाईल, हे ध्यानात घ्यावे.

बांधकाम : काळ्या मातीवरचे घर

ज्या काळ्या मातीने आदिलाबादला कापसाचा जिल्हा केले, तीच माती घराच्या पायाला सर्वांत मोठा धोका असते. तिच्यातील चिकणमातीचे खनिज पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेतात मे महिन्यात पडणाऱ्या भेगा त्याच्याच. पाया उथळ असेल तर तो दरवर्षी थोडा वर उचलला जातो आणि थोडा खाली बसतो. परिणामी भिंतींना तडे जातात, दारे पावसाळ्यात अडकतात आणि फरशी मध्येच उचलली जाते.

यावर उपाय आहेत आणि ते अभियंत्यांना ठाऊक आहेत. काळा थर कमी जाडीचा असेल तर तो काढून पाया खालच्या मुरुमावर किंवा खडकावर नेतात. थर जाड असेल तर तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल, घालून वर तुळई बांधतात. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेल्या या पद्धतीसाठी आयएस २९११ च्या तिसऱ्या भागात भारतीय मानक आहे. खोल काळ्या मातीत या खांबांची लांबी किमान ३.५ मीटर असावी, असे ते सांगते. जोत्यात काळी माती न भरता मुरूम भरून तो दाबावा लागतो आणि इमारतीभोवती पाणी मुरू नये म्हणून पक्का पट्टा करावा लागतो.

तेव्हा बिल्डरकडे माती परीक्षण अहवाल आणि स्ट्रक्चरल अभियंत्याच्या सहीचे पायाचे नकाशे मागावेत. बांधकाम चालू असताना पाहण्याची संधी मिळाली तर पाया खोदलेला असताना आणि स्लॅब टाकण्यापूर्वी, अशा किमान दोन वेळा जावे व छायाचित्रे घ्यावीत. इमारत तयार असेल तर तिने एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहिला आहे काय, हे विचारावे. खिडकी-दाराच्या कोपऱ्यांतून तिरपे जाणारे, पायऱ्यांसारखे आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसणारे तडे हे पाया हलल्याचे लक्षण असते. गिलाव्यावरील केसासारख्या रेषा तेवढ्या गंभीर नसतात. नुकताच रंग दिलेल्या भिंतीवर फक्त याच कोपऱ्यांत ठिगळे दिसली तर कारण विचारावे. दोन-तीन हजार रुपये देऊन एखादा स्वतंत्र अभियंता बरोबर नेता आला, तर तो खर्च वाया जात नाही.

क्षेत्र आणि किंमत

जाहिरातीत १,२०० चौरस फूट लिहिलेले असते ते पुष्कळदा ‘सुपर बिल्ट-अप’ क्षेत्र असते. जिना, गॅलरी, बाहेरच्या भिंती सारे त्यात मोजलेले असते. रेरा कायद्यात ‘कार्पेट क्षेत्र’ म्हणजे घरातील प्रत्यक्ष वापराचे क्षेत्र. त्यात आतील भिंती धरतात, पण बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. समजा, ३६ लाखांच्या त्या घराचे कार्पेट क्षेत्र ८५० चौरस फूट आहे. मग दर चौरस फुटाला ३,००० रुपये वाटणारा भाव प्रत्यक्षात सुमारे ४,२३५ रुपये होतो. दोन घरांची तुलना नेहमी कार्पेट क्षेत्रावरच करावी.

सदनिकेबरोबर जमिनीचा अविभक्त हिस्सा मिळतो, तोही गजात लिहून घ्यावा. ४०० गजांवर आठ समान सदनिका असतील तर प्रत्येकाला ५० गज मिळायला हवेत. सर्वांच्या हिश्शांची बेरीज भूखंडाएवढी भरत नसेल, तर उरलेली जमीन बिल्डरने कशासाठी राखली आहे, ते विचारावे.

किमतीवर करही लागतात. २०२१ पासून तेलंगणात विक्रीखतावर मुद्रांक शुल्क, हस्तांतरण शुल्क आणि नोंदणी फी मिळून साधारण साडेसात टक्के होतात. ३६ लाखांवर ते २ लाख ७० हजार रुपये. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो : किंमत ४५ लाखांपर्यंत आणि महानगरांबाहेर कार्पेट क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत असल्यास १ टक्का, एरवी ५ टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर खरेदी केली आणि सर्व रक्कम त्यानंतरच दिली, तर जीएसटी लागत नाही. म्हणजे तयार आणि दाखला असलेल्या घराची थोडी अधिक वाटणारी किंमत पुष्कळदा खरोखर अधिक नसते.

करार : पैसा कागदाच्या पुढे धावू नये

बयाणा देताना साधी पावती न घेता, कोणत्या अटींवर तो परत मिळेल हे लिहिलेला कागद घ्यावा : मालकीत दोष निघाल्यास, परवानगी नसल्यास किंवा बँकेने कर्ज नाकारल्यास. प्रकल्प रेराबाहेरचा असला तरी १० टक्क्यांचा नियम आपणच आपल्यावर लावून घ्यावा. करारनामा नोंदवल्याशिवाय त्याहून अधिक रक्कम देऊ नये. पुढचे हप्ते तारखेनुसार न ठेवता कामानुसार ठेवावेत : पाया, प्रत्येक स्लॅब, भिंती, गिलावा, फरशी. शेवटचा ठळक हप्ता भोगवटा प्रमाणपत्र आणि विक्रीखत यांच्याशी बांधावा. उशिराबद्दल व्याजाचा दर आणि पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष विनामूल्य दुरुस्त करून देण्याची हमी करारात लिहून घ्यावी. रेरा कायद्याच्या कलम १४ मध्ये ही पाच वर्षांची जबाबदारी आणि तक्रारीनंतर ३० दिवसांत दुरुस्तीची मुदत दिलेली आहे. तोच मजकूर लहान करारातही घालता येतो.

किमतीचा काही भाग रोखीने मागितला गेला तर नकार द्यावा. जी रक्कम कागदावर नाही, ती वाद झाल्यावर परत मिळत नाही आणि व्याजही कागदावरच्या रकमेवरच मिळते.

वाद उद्भवलाच तर नोंदणीयोग्य प्रकल्पाबाबत तेलंगणा रेराकडे तक्रार करता येते. रेराबाहेरच्या घराचा ग्राहकही निराधार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये घरबांधणी ही ‘सेवा’ मानली आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात, आपण जेथे राहतो तेथेच, तक्रार करता येते. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांत. त्यासाठीही लागतात त्या गोष्टी त्याच : करार, बँकेमार्फत दिलेल्या रकमेच्या नोंदी, छायाचित्रे आणि लेखी पत्रव्यवहार.

शेवटी भाषेविषयी. येथील खरेदीखते आणि आदेश बहुतेक तेलुगूत असतात. घरातील वडीलधारी माणसे मराठी वाचणारी. अशा वेळी बिल्डरच्या माणसाने तोंडी सांगितलेल्या अर्थावर सही होते आणि गोंधळ तेथेच सुरू होतो. बिल्डरशी संबंध नसलेल्या वकिलाकडून किंवा दस्तऐवज लेखकाकडून प्रत्येक कलम आपल्या भाषेत समजून घ्यावे, चतुःसीमा आणि क्षेत्र स्वतः पडताळावे, आणि मगच सही करावी. गावाची खातरजमा, भार प्रमाणपत्र, लेआउट मंजुरी, मंजूर नकाशा, माती परीक्षण अहवाल, भोगवटा प्रमाणपत्र आणि करारनाम्याचा मसुदा हे सात कागद बयाण्यापूर्वी मागावेत. इमारत अपूर्ण असेल तर प्रमाणपत्र नसणारच; तेव्हा ते कधी मिळेल हे मसुद्यात लिहिलेले हवे. जो बिल्डर हे कागद विनातक्रार दाखवतो, त्याच्याशी किमतीची बोलणी करावीत. जो उद्याचा वायदा करतो, त्याला बयाणाही उद्याच द्यावा.